कॉकर स्पॅनियल घरात वाढवताना: कान, केस, नाक आणि स्वभाव

कॉकर स्पॅनियलबद्दल विचारलं की दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो, याच्यासारखा लाघवी कुत्रा नाही, दिवसभर पायात घोटाळतो, पोरांत रमतो. दुसरा म्हणतो, दिसायला गोड पण भारी चिडका, चार-पाच वर्षांचा झाला की अंगाला हात लावू देत नाही. दोघंही खरंच सांगत असतात, आणि या दोन कुत्र्यांमधला फरक बऱ्याचदा त्यांच्या कानांत सापडतो. लांब, केसाळ, बंद राहणारे कान सहज सुजतात. घरच्या दोन माणसांनी दाबून धरून दुखऱ्या कानात औषध घातलं, वर केसांचे गुंते ओढून सोडवले, की कुत्रा पुढे येणाऱ्या हाताला भ्यायला शिकतो. आधी मान फिरवतो, मग सटकतो, शेवटी गुरगुरतो. घरचे म्हणतात, स्वभाव बिघडला. म्हणून खाली निगा आणि वळण असे दोन वेगळे कप्पे केलेले नाहीत; कॉकरच्या बाबतीत ते एकच काम आहे.

## कोणता कॉकर, आणि तो तुमच्या घरात बसेल का

इंग्लिश कॉकर आणि अमेरिकन कॉकर या आज दोन स्वतंत्र जाती आहेत. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने १९४६ साली इंग्लिश कॉकरची नोंद वेगळी केली. इंग्लिश कॉकर जरा उंच आणि लांबट तोंडाचा असतो. नराची खांद्यापाशी उंची ३९ ते ४१ सेंटिमीटर आणि वजन साडेबारा ते साडेचौदा किलोच्या आसपास. अमेरिकन कॉकर त्याहून थोडा लहान. डोकं घुमटाकार, तोंड आखूड, डोळे मोठे, आणि पोटावर-पायांवर केसांचा भार कितीतरी जास्त. फोटोत जमिनीपर्यंत लोळणारे रेशमी केस पाहून भुललेला असाल तर ते केस रोज विंचरणारा माणूस घरात कोण, हे आधी ठरवा.

इंग्लिश कॉकरमध्येही दोन प्रकारच्या वंशावळी आहेत. शोसाठी वाढवलेला कॉकर अंगाने भरदार, कान खाली लोंबणारे, स्वभावाने तुलनेने शांत. त्याला दिवसाला तासभर फिरणं पुरतं. शिकारीच्या कामासाठी वाढवलेला कॉकर चपळ, केस कमी, कान थोडे वर आणि आखूड, पण अंगात रग फार. त्याला तास-दोन तास फिरवूनही डोक्याला काम लागतंच. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराने हौसेने हा दुसरा प्रकार आणला, तर पडदे आणि सोफे त्याची किंमत मोजतात.

या कुत्र्याचा मूळ धंदा झुडपांत घुसून पक्षी उठवणं आणि पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून मालकाकडे आणणं. हे काम बंदुकीच्या टप्प्यात, म्हणजे माणसाच्या जवळ राहूनच करायचं असतं. आज घरात दिसणाऱ्या त्याच्या बहुतेक सवयी इथून आल्या आहेत. नाक सतत जमिनीला, तोंडात सतत काहीतरी, आणि माणूस नजरेआड झाला की जिवाची घालमेल. यातली शेवटची सवय सर्वांत आधी विचारात घ्या. रोज आठ-दहा तास रिकामं राहणारं घर कॉकरसाठी योग्य नाही, मग अंगण कितीही मोठं असो. आणि हा संसार १२ ते १४ वर्षांचा आहे.

## पिल्लू बघायला जाताना

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नका. आईजवळ बसा. ती अनोळखी माणसाजवळ सहज येते का? पिल्लांना हात लावला तर ताठरते का? विचारून तिचा कान उचला आणि वास घ्या. आंबूस वास, काळपट मळ, जाड झालेली सुरकुतलेली कातडी दिसली, तर तोच वारसा पिल्लांकडे जायची शक्यता धरून चला. सतत बिघडणाऱ्या कानांमागे बहुधा त्वचेची ॲलर्जी असते आणि तिची प्रवृत्ती घराण्यात चालते.

मग कागद मागा. इंग्लिश कॉकरमध्ये दोन आनुवंशिक आजारांच्या डीएनए चाचण्या उपलब्ध आहेत आणि त्या मागितल्याच पाहिजेत. एक म्हणजे डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए, ज्यात आधी रात्रीचं दिसणं जातं. दुसरा एफएन, म्हणजे तरुणपणीच मूत्रपिंडं निकामी करणारा आजार. हे दोन्ही आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावं लागतं. म्हणून दोघांपैकी एक जरी पूर्ण निर्दोष असेल, तरी पिल्लाला तो आजार होत नाही. अमेरिकन कॉकरच्या बाबतीतही पीआरएची चाचणी विचारा, शिवाय आई-वडिलांचे डोळे नेत्रतज्ज्ञ पशुवैद्याने तपासल्याचा दाखला बघा, कारण मोतीबिंदू आणि काचबिंदू या जातीत बऱ्यापैकी आढळतात.

रंगावरून स्वभाव ठरवू नका, पण एक गोष्ट माहीत असू द्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लिश कॉकरच्या मालकांच्या सर्वेक्षणात एकरंगी कुत्र्यांमध्ये, त्यातही सोनेरी-तांबूस कुत्र्यांमध्ये, आक्रमकपणा दुरंगी कुत्र्यांपेक्षा जास्त नोंदवला गेला. म्हणजे सोनेरी पिल्लू घ्यायचं नाही असं नाही. त्याची आई मात्र दुप्पट बारकाईने बघायची.

मोठा कॉकर दत्तक घेत असाल तर उत्तमच. आणण्यापूर्वी त्याच्या कानाला, पंजांना कोणीतरी हात लावून दाखवायला सांगा आणि तेव्हा कुत्र्याच्या तोंडाकडे बघा. नाराजी दिसली म्हणून नकार द्यायलाच हवा असं नाही, पण पुढचे काही महिने कशात जाणार हे तिथेच कळतं.

## पहिले काही आठवडे: हात लावू देणं शिकवा

बस, हात दे, लोळ हे सगळं नंतर शिकवता येतं. कॉकरला सर्वांत आधी शिकवायचं ते अंगाला हात लावू देणं. पिल्लू खेळून दमलेलं असताना, दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटं पुरतात. हाताशी खाऊचे अगदी बारीक तुकडे ठेवा.

१. बोटाने कानाला नुसता स्पर्श करा आणि लगेच खाऊ द्या. क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्पर्श, मग खाऊ. आधी खाऊ दाखवून मग कान धरलात, तर ते खाऊ बघून सावध व्हायला शिकेल.

२. कान उचलून क्षणभर धरा, सोडा, खाऊ. सहज चाललं की धरण्याचा वेळ वाढवा.

३. कानाच्या बुडाशी अंगठ्याने हलकं चोळा. मग कोरडा कापूस आतल्या बाजूला टेकवा. कान धुण्याच्या औषधाची बाटली शेजारी आणा, झाकणाचा आवाज करा, औषध न घालता बाजूला ठेवा. प्रत्येक पायरीला खाऊ.

४. हाच क्रम पंजे, बोटांमधली जागा, ओठ उचलून दात, काखा आणि शेपटीखालच्या भागासाठी.

५. दोन आठवड्यांत पिल्लू सरावलं की तळहात पुढे करून त्यावर हनुवटी टेकवायला शिकवा. हनुवटी टेकलेली आहे तोवर काम चालू, उचलली की आपण हात काढून घ्यायचा. वाटतं की मग ते कधी टेकवणारच नाही. उलट होतं, थांबवणं आपल्या हातात आहे हे कळलेला कुत्रा जास्त वेळ थांबतो.

पिल्लाने मान फिरवली, जीभ नाकावरून फिरवली, अंग आखडलं, तर एक पायरी मागे जा. घाई करून आज पाच मिनिटं वाचवली तर पुढे प्रत्येक वेळी कुत्रा धरायला दुसरा माणूस लागतो.

बाकी गोष्टी इतर पिल्लांसारख्याच. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या; बाहेर शी-शू केली की तिथल्या तिथे कौतुक. घरात केली तर न बोलता पुसा. लसीकरण डॉक्टरांनी दिलेल्या वेळापत्रकाने, साधारण १६ आठवड्यांपर्यंत डोस चालू राहतात. पण नव्या गोष्टींना सरावण्याचं वयही साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यातच असतं, म्हणून लस पूर्ण होईपर्यंत घरात कोंडून ठेवू नका. कडेवर घेऊन फिरवा, रहदारी, छत्र्या, टोप्या घातलेली माणसं, सायकली, सगळं लांबून दाखवा.

एक प्रकार कॉकरमध्ये हमखास दिसतो: कोणी घरात आलं की आनंदाने किंवा दबून जागच्या जागी थोडीशी लघवी. यावर ओरडलात तर वाढते, कारण ती होतेच मुळी उत्तेजनेने आणि भीतीने. पाहुण्यांना सांगा, आल्यावर दोन मिनिटं त्याच्याकडे बघायचंही नाही. मग खाली बसून, डोक्यावरून हात न फिरवता, छातीखालून हात न्यायचा. बहुतेक पिल्लं वर्षभरात यातून बाहेर पडतात.

एकटं राहण्याची सवयही पहिल्याच महिन्यात. तुम्ही घरात असतानाच दुसऱ्या खोलीत जा, ते रडायच्या आत परत या. आधी काही सेकंद, मग मिनिट, मग पाच मिनिटं. जाताना निरोप समारंभ नको, आल्यावर गळाभेट नको. पिल्लू शौचालयाच्या दारापर्यंत मागे येतं याचं सुरुवातीला कौतुक वाटतं. तेच पुढे दार कुरतडण्यात संपतं.

## कान

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. कॉकरच्या नळीत केस आणि मेण तयार करणाऱ्या ग्रंथी इतर अनेक जातींपेक्षा जास्त असतात. वरून जड, केसाळ पाळी झाकण घालते. आत ऊब आणि ओल टिकते, आणि एरवी निरुपद्रवी असलेले यीस्ट आणि जिवाणू तिथे माजतात.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, उजेडात बसून दोन्ही कान उलटून बघा आणि वास घ्या. निरोगी कान फिकट गुलाबी असतो, थोडासा फिकट मळ चालतो, वास जवळजवळ नसतो. नाकाला फरक डोळ्याआधी कळतो. कॉफीच्या रंगाचा चिकट मळ आणि आंबूस-गोडसर वास बहुतेकदा यीस्टचा. पिवळसर, घाण वासाचा पू जिवाणूंकडे बोट दाखवतो. पण नुसत्या अंदाजावर औषध आणू नका. डॉक्टर मळाचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि औषध त्यावर ठरतं. दर वेळी ही तपासणी मागून घ्या.

धुण्याची रीत अशी. कुत्र्यांच्या कानांसाठीचं क्लीनर हातात धरून कोमट करा. थंड द्रव कानात गेला की कुत्रा दचकतो आणि पुढच्या वेळी बाटली बघूनच पळतो. पाळी सरळ वर उचला, म्हणजे नळी थोडी सरळ होते. बाटलीचं टोक आत न खुपसता नळी भरेल इतकं औषध ओता. पाळी खाली सोडून कानाच्या बुडाशी, जिथे कडक नळी बोटांना लागते तिथे, अर्धं मिनिट चोळा. आत पचपच असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर औषध कमी पडलंय. मग हात सोडा आणि मागे सरका, कारण तो डोकं झाडणारच आणि भिंतीवर शिंतोडे उडणारच. हे काम बाथरूममध्ये करावं. शेवटी बोटाला कापूस गुंडाळून बोट जाईल तिथपर्यंतच पुसा, त्यापुढे नाही. कान काड्या, पेरॉक्साइड, व्हिनेगर, स्पिरिट, तेल यांतलं काहीही नको. आणि मागच्या खेपेची उरलेली औषधाची बाटली तर नकोच. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही थेंबांनी कायमचा बहिरेपणा येऊ शकतो; पडदा शाबूत आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही.

निरोगी कान आठवडा-दोन आठवड्यांनी एकदा धुणं पुरे. रोज धुतल्याने कातडी ओली राहून उलट बिघडते. पोहून किंवा अंघोळ करून आल्यावर मात्र कान कोरडे करणं चुकवू नका.

औषधापेक्षा जास्त उपयोगी दोन गोष्टी आहेत. पहिली, कानाच्या तोंडाभोवतीचे आणि पाळीच्या आतल्या वरच्या भागातले केस ग्रूमरकडून ट्रिमरने बारीक करून घेणं. पाळीची वरची बाजू हलकी झाली की आत वारा जातो. दुसरी, खोल आणि अरुंद तोंडाचं पाण्याचं भांडं, ज्यात तोंड जातं पण कान बाहेर राहतात. पसरट भांड्यात प्रत्येक वेळी कान बुडतात, वाळत नाहीत, जेवणात लडबडतात, मग कुत्रा तेच चोखत बसतो. जेवताना डोक्यावरून कापडी पट्टा चढवून कान मागे ठेवले तरी चालतं. पट्टा सैल हवा आणि जेवण झालं की काढायचा.

वाळक्या गवतातून फिरून आल्यावर अचानक एकाच बाजूला डोकं झाडायला लागला, मान तिरकी धरली, तर कुसळ आत गेलं असं समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुसळाला मागे फिरता येत नाही. ते आतच सरकत जातं. सारखं डोकं झाडून पाळीतली रक्तवाहिनी फुटली की पाळी पाणी भरल्यासारखी टम्म फुगते. तेव्हाही थांबू नका, आणि नुसती पाळी रिकामी करून घेऊन समाधान मानू नका. तो का झाडत होता ते शोधा.

वर्षातून दोनदापेक्षा जास्त वेळा कान बिघडत असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की मुळात कारण काय. अन्नाची ॲलर्जी आहे का हे बघायला साधारण आठ आठवडे काटेकोर एकच आहार देऊन पाहतात. घरातल्या कोणीही त्या काळात एक बिस्किटाचा तुकडा दिला तरी चाचणी वाया जाते. परागकण, धुळीतले कीटक, थायरॉइड ही इतर कारणं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेली कॉकरची नळी जाड होत, कडक होत बंद होते, आणि मग सगळी नळी शस्त्रक्रियेने काढून टाकण्यापलीकडे मार्ग उरत नाही. शस्त्रक्रियेनंतर अनेक कुत्रे पुन्हा खेळकर होतात, म्हणजे तोवर ते किती वेदनेत होते याचा अंदाज यावा.

## केस

अमेरिकन कॉकरला रोज, इंग्लिश कॉकरला दिवसाआड विंचरणं. वरवर ब्रश फिरवून पाठ चकाकते आणि गुंते तसेच राहतात. मऊ ब्रशनंतर धातूचा कंगवा कातडीपर्यंत नेऊन बघा. तो अडतो ती ठिकाणं ठरलेली: कानामागची मऊ लव, काखा, मांड्यांच्या आतली बाजू, पट्टा किंवा हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घासतो ती जागा, शेपटीखाली. कानामागे बोटांनी चाचपलं तर वाटाण्याएवढी गाठ लागते. आज ती बोटांनी विलग होते. आठवड्याने तिची सपाट चटई होऊन कातडी ओढायला लागते.

गाठ सोडवताना एका हाताने केसांचं मूळ धरा, म्हणजे ताण कातडीवर येत नाही, आणि टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं सोडवत या. कात्रीने गाठ कापायला जाऊ नका. कॉकरची कातडी सैल असते, गाठीबरोबर वर ओढली जाते आणि कात्रीत येते. कानाच्या कडेला तर फारच सहज. जुनी गाठ ट्रिमरनेच काढावी. आणि गुंते सोडवून मगच अंघोळ, कारण पाणी लागलं की गाठ आवळते.

ग्रूमरकडे सहा ते आठ आठवड्यांनी. पाठीवर मशीन फिरवलं की काम सोपं होतं, पण तिथले सपाट चमकदार केस पुढे लोकरीसारखे आणि फिके येऊ शकतात. नसबंदीनंतरही अनेक कॉकरचे केस असेच फुलारतात. शोमध्ये उतरवायचा नसेल तर यात जीव गुंतवू नका. आखूड आणि स्वच्छ केस कुत्र्यालाही बरे आणि घरालाही. पंजाखालचे, गाद्यांमधले केस मात्र कायम कापलेले हवेत, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात आणि बोटांमध्ये ओल व कुसळं अडकतात.

तोंडाला वास येतोय म्हणून दात घासून झाले तरी वास जात नसेल, तर खालचा ओठ ताणून बघा. कॉकरच्या खालच्या ओठाला घडी असते, तिथे लाळ आणि अन्न साचून कातडी लाल होते. रोज ओल्या कापडाने पुसून कोरडी करा. दात रोज घासता आले तर उत्तम, तेही कुत्र्यांच्याच पेस्टने. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

## नाकाला काम

तासभर पट्टा ओढत चालवून आणलेला कॉकर घरी येऊन तितकाच उड्या मारतो. वीस मिनिटं हुंगू दिलेला झोपतो. फिरण्याचा किमान अर्धा वेळ त्याच्या नाकाच्या मर्जीने जाऊ द्या. घरात जेवणाचा काही भाग गवतात किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत विखरून ठेवा. आवडतं खेळणं लपवून शोधायला लावा. आधी त्याच्यासमोर, मग दुसऱ्या खोलीत, मग बंद खोक्यात. आणून देणं त्याच्या रक्तातच आहे, तेव्हा चेंडू दोनशे वेळा फेकण्यापेक्षा चेंडू झुडपात लपवून शोधून आणायला लावणं जास्त दमवतं आणि सांध्यांनाही सोसतं.

बोलावल्यावर येणं पट्टा सोडायच्या आधी पक्कं झालं पाहिजे. पक्षी उडाला की कॉकरला नावाने मारलेली हाक ऐकूच येत नाही. शिट्टी बरी: आवाज नेहमी सारखाच येतो, त्यात राग मिसळत नाही. घरात जेवणाचं भांडं ठेवताना ठरावीक शिट्टी वाजवा, काही दिवस फक्त एवढंच. मग घराच्या दुसऱ्या टोकातून, मग अंगणातून, मग दहा मीटर लांब दोर हार्नेसला लावून मोकळ्या मैदानात. आला की दर वेळी भरघोस बक्षीस, आणि निम्म्या वेळा पुन्हा मोकळं सोडा. शिट्टी वाजली म्हणजे फिरणं संपलं, असं त्याला कळलं की तो येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

## मोजा, गुरगुरणं आणि लहान मुलं

कॉकर मोजा पळवतो. घरातले ओरडत मागे लागतात. तो टेबलाखाली शिरतो, मोजा पंजांखाली घेतो आणि स्थिर होतो: शेपूट थांबते, तोंड बंद होतं, डोकं मोज्यावर झुकतं, डोळ्यांचा पांढरा भाग कडेला दिसतो. हा क्षण ओळखता आला पाहिजे. गुरगुरणं याच्या नंतर येतं आणि चावा त्याच्याही नंतर. इथे हात घालून मोजा ओढून घेतलात तर दोन गोष्टी शिकवल्यात: माणूस वस्तू हिरावतो, आणि पुढच्या वेळी आधी दात दाखवायचे किंवा मोजा गिळून टाकायचा. गिळलेला मोजा आतड्यात अडकतो.

त्याऐवजी अदलाबदल शिकवा. सुरुवात त्याला फारशी प्रिय नसलेल्या खेळण्याने. त्याच्या तोंडात ते असताना नाकाजवळ चांगला खाऊ धरा; तोंड उघडलं की 'सोड' म्हणा, खाऊ द्या, आणि खेळणं परत द्या. परत देणं हाच यातला खरा धडा. मग जास्त आवडत्या वस्तू. जेवणाच्या भांड्याशीही असंच: खात असताना शेजारून जाता जाता आणखी चांगला तुकडा टाका आणि निघून जा. 'मालक कोण ते कळायला हवं' म्हणून भांडं काढून घेण्याचा जुना सल्ला कॉकरच्या बाबतीत मला सरळ घातक वाटतो.

गुरगुरल्याबद्दल मारू नका, ओरडू नका. ती सूचना आहे. सूचना दाबून टाकलेला कुत्रा पुढच्या खेपेला सूचना न देता चावतो. 'कॉकर रेज' नावाचं, काहीही कारण नसताना उसळणाऱ्या रागाचं प्रकरण लोक फार सहज चिकटवतात. असा खरा आजार फार दुर्मीळ आहे. अचानक चिडका झालेल्या कॉकरला आधी डॉक्टरांकडे न्या आणि कान, दात, डोळे, सांधे, थायरॉइड सगळं बघून घ्या. वेदना नाही अशी खात्री झाल्यावरच वर्तनतज्ज्ञ.

मुलांसाठी नियम थोडे आणि कडक: तो खाताना, झोपलेला असताना किंवा तोंडात काही असताना हात लावायचा नाही, कान ओढायचे नाहीत, मिठी मारायची नाही, तो उठून गेला तर मागे जायचं नाही. त्याची क्रेट (झोपायचा पिंजरा) किंवा गादी अशी एक जागा ठरवा, जिथे मुलांना प्रवेश बंद. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाबरोबर एका खोलीत मोठं माणूस नसताना कॉकरला ठेवू नका, कितीही गरीब असला तरी. मुलांना मोज्याच्या प्रसंगी एकच काम सांगा: जागेवरून हाक मारून मोठ्यांना बोलावणं. खाऊ लपवणं, शिट्टी वाजवणं, पाण्याचं भांडं भरणं ही कामं मात्र मुलांकडेच द्या.

## खाणं आणि वजन

कॉकर पोट भरलं म्हणून थांबत नाही आणि त्या डोळ्यांनी सगळ्या घराला गुंडाळतो. जेवण मोजून, दिवसातून दोनदा. पिल्लाला चार महिन्यांपर्यंत तीन-चारदा. खाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि शिकवण्यासाठी लागणारा खाऊ जेवणातूनच वळता करा. केसांखाली चरबी दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा बरगड्यांवरून बोटं फिरवा. न दाबता एकेक बरगडी लागली पाहिजे. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, झायलिटॉल असलेल्या गोळ्या आणि दारू हे कुठल्याही प्रमाणात नाही. माणसांची वेदनाशामकंही नाहीत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनने कुत्रे दगावतात.

## त्याच दिवशी डॉक्टर, आणि म्हातारपण

डोळा लाल झाला, वर धुरकट निळसर झाक आली, कुत्रा डोळा मिटून घेतोय किंवा डोकं कशाला तरी दाबून धरतोय, तर तो काचबिंदू असू शकतो. काही तासांत नजर जाते, सकाळची वाट बघू नका. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात गुलाबी गोळा दिसला तर ती जागेवरून सरकलेली ग्रंथी. एवढी घाई नाही, पण ती कापून टाकण्यापेक्षा परत बसवून घ्या, कारण अश्रूंचा बराच भाग तीच तयार करते आणि कॉकरमध्ये कोरड्या डोळ्यांचा आजार तसाही आढळतो. हिरड्या अचानक पांढऱ्या-पिवळ्या पडल्या, लघवी गडद झाली, उठवत नाही, हे स्वतःच्याच लाल पेशी नष्ट करणाऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं. अमेरिकन कॉकरमध्ये त्याचा धोका जास्त. तरुण इंग्लिश कॉकर फार पाणी प्यायला लागला आणि वाळत चालला, तर लघवी तपासून घ्या.

सात-आठ वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी: हृदयाचे ठोके, रक्त, लघवी, डोळ्यांचा दाब, दात, आणि अंगावर चाचपून गाठी. घरी विंचरताना नवी गाठ लागली तर तिचा आकार आणि तारीख लिहून ठेवा. डॉक्टरांना 'वाढली का?' या प्रश्नाचं उत्तर लागतं. म्हाताऱ्या कॉकरला ऐकू कमी येतं किंवा दिसेनासं होतं, आणि झोपेत अचानक हात लावला तर तो दचकून दात लावू शकतो. आधी गादीजवळ जमिनीवर पाय आपटून हादरा द्या, हात नाकासमोर धरा, मग स्पर्श करा. शिट्टीबरोबर हाताची खूण लहानपणीच जोडून दिली असेल तर आता ती कामी येते. नसेल तर नजर शाबूत असेपर्यंत शिकवून घ्या. दिसत नसेल तर सामान हलवू नका आणि जिन्याला फाटक लावा. आणि कान बघणं थांबवू नका, कारण उतारवयात 'आता ऐकू येत नाही' म्हणून सोडून दिलेला कॉकर पुष्कळदा नुसत्या मळाने आणि सुजेने बहिरा झालेला असतो.